अमेरिकेत मतं मोजतं कोण, आणि धोका नेमका कुठे आहे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत भारतासारखा निवडणूक आयोग नाही, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, निकाल यायला कधी कधी चार-चार दिवस लागतात. मग तिथल्या निवडणुकीवर भरवसा कसा ठेवायचा? आणि 2020 साली हरलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी निकाल मानला नाही आणि पुढे संसदेवर जमाव चालून गेला, ते पुन्हा घडू शकतं का?

मी पेनसिल्वेनियात राहते, अमेरिकेची नागरिक आहे आणि बरीच वर्षं इथल्या मतदान केंद्रावर काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगायचं, तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर जे चालतं तो या व्यवस्थेतला सर्वांत भक्कम भाग आहे. कच्च्या जागा दोन आहेत. एक मतदानाच्या आधीची, मतदारसंघांच्या सीमा आखण्याची. दुसरी नंतरची, मोजलेल्या आकड्यांवर सही करण्याची. चर्चा मात्र बहुतेक वेळा मशीनचीच होते.

आधी आयोगाबद्दल. भारतात राज्यघटनेच्या कलम 324 ने निवडणुकीचा सगळा कारभार एका आयोगाच्या हाती दिला. अमेरिकेच्या घटनेने तो राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवला आणि गरज वाटल्यास काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यात बदल करावा एवढी मुभा ठेवली. काँग्रेसने ती मुभा जपूनच वापरली. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीचा दिवस 1845 च्या कायद्याने ठरला. वांशिक भेदभाव रोखण्यासाठी 1965 चा मतदान हक्क कायदा आला. वॉशिंग्टनमध्ये ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ नावाची संस्था आहे, पण ती फक्त प्रचाराच्या पैशाचा हिशेब पाहते. कायद्याप्रमाणे तिचे सहा सदस्य असतात, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसतात आणि निर्णयाला चार मतं लागतात, त्यामुळे मोठ्या प्रश्नांवर ती वारंवार अडकून पडते. मतदान घेणं किंवा मतं मोजणं तिच्या कक्षेतच नाही.

प्रत्यक्ष काम करतात काऊंटी (राज्याचे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे भाग), आणि काही राज्यांत शहरं आणि गावंसुद्धा. देशभरात अशा स्थानिक यंत्रणा दहा हजारांच्या आसपास आहेत. एकट्या पेनसिल्वेनियात 67 काऊंटी आणि नऊ हजारांहून जास्त मतदान केंद्रं. प्रत्येक काऊंटी आपली मशीन निवडते, मतपत्रिका छापून घेते, माणसं नेमते. त्यामुळे दर्जा सगळीकडे सारखा नसतो, हे खरंच आहे. पण देशभरचा निकाल एका जागेवरून फिरवायचा म्हटलं तर तशी जागाच इथे नाही. फिरवणाऱ्याला शेकडो काऊंटींत, दोन्ही पक्षांच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, ते करावं लागेल.

आता केंद्रावर काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण हे कुणी फारसं सांगत नाही.

आमच्या राज्यात केंद्राच्या प्रमुखाला ‘जज ऑफ इलेक्शन’ म्हणतात. त्याच्यासोबत दोन इन्स्पेक्टर असतात, एक बहुमताचा, एक अल्पमताचा. ही तिन्ही पदं त्या भागातले मतदार चार वर्षांसाठी निवडून देतात. इन्स्पेक्टरसाठी मतदाराला एकच मत देता येतं. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार बहुमताचा इन्स्पेक्टर होतो, दुसऱ्या क्रमांकाचा अल्पमताचा. म्हणजे टेबलामागे एकाच पक्षाची माणसं बसू नयेत याची सोय निवडीच्या पद्धतीतच करून ठेवली आहे. जागा रिकामी राहिली तर ती नेमणुकीने भरतात. हे शिक्षक असतात, निवृत्त नर्स असतात, दुकानदार असतात. दिवसाचं मानधन तुटपुंजं असतं.

केंद्र सकाळी सातला उघडतं, पण आम्ही त्याच्या बऱ्याच आधी पोचतो. सगळ्यांनी शपथ घ्यायची. स्कॅनरच्या सीलचे नंबर काऊंटीने दिलेल्या कागदाशी ताडून पाहायचे. मतपेटी उघडून रिकामी असल्याचं सगळ्यांनी बघायचं. मग मशीनमधून एक लांब पट्टी छापून येते, तिच्यावर प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे शून्य असतं. तिला आम्ही ‘झीरो टेप’ म्हणतो. तिच्यावर सह्या झाल्याशिवाय दार उघडत नाही.

मतदार येतो, नाव सांगतो, नोंदवहीत सही करतो. ती सही यादीतल्या सहीशी जुळते का ते पाहतात. त्या केंद्रावर पहिल्यांदा मत देणाऱ्याला ओळखपत्र दाखवावं लागतं. हे पेनसिल्वेनियाचं झालं. काही राज्यांत प्रत्येक वेळी फोटो ओळखपत्र लागतं, काहींत लागतच नाही. ज्याने टपाली मतपत्रिका मागवली होती तो प्रत्यक्ष आला, तर त्याने ती लिफाफ्यासकट परत द्यायची. आम्ही ती रद्द करतो आणि मगच त्याला केंद्रावर मत देता येतं. ती आणली नसेल तर त्याला ‘प्रोव्हिजनल’ मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवली जाते आणि त्या माणसाचं टपाली मत आलेलं नाही याची काऊंटीने खात्री केल्यावरच मोजली जाते. एकाने दोनदा मत दिल्याच्या गोष्टी मी खूप ऐकते. ते प्रयत्न कुठे अडकतात, ते हे.

आमच्या काऊंटीत बहुतेक मतदार कागदावरचा गोल पेनने भरतात आणि कागद स्कॅनरमध्ये सरकवतात. कागद खालच्या पेटीत पडतो आणि तिथेच राहतो. रात्री आठला दार बंद झाल्यावर नोंदवहीतल्या सह्या आणि स्कॅनरचा आकडा जुळवायचा. एकाचाही फरक आला तर त्याचं कारण लिहून द्यावं लागतं. निकालाच्या पट्ट्या छापतात, मंडळातले सगळे त्यावर सह्या करतात आणि एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवतात. म्हणजे काऊंटीच्या संकेतस्थळावर आकडा येण्याआधीच तो रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येतो. पुढे काऊंटीला मतपत्रिकांच्या नमुन्याची फेरतपासणी करावी लागते: दोन टक्के किंवा 2,000, यातली जी संख्या कमी असेल तेवढ्यांची.

जॉर्जियात मतदार टचस्क्रीनवर निवड करतो आणि मशीन कागद छापून देतं. 2020 च्या मतदानानंतर त्या राज्याने सुमारे 50 लाख कागद हाताने मोजले. जो बायडन तरीही पुढेच होते. अंतिम फरक 11,779 मतांचा. 2 जानेवारी 2021 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जॉर्जियाचे सचिव, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख अधिकारी, ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून 11,780 मतं शोधायला सांगितलं, तेव्हा हे कागद तीनदा मोजून झाले होते. रॅफेन्सपर्गर ट्रम्प यांच्याच पक्षाचे. त्यांनी ऐकलं नाही.

आता उशिराबद्दल. 2020 च्या मंगळवारी रात्री पेनसिल्वेनियात ट्रम्प लाखो मतांनी पुढे होते, शनिवारी बायडन जिंकल्याचं वृत्तसंस्थांनी जाहीर केलं. रात्रीतून मतं आणून ओतली, असं आजही कित्येकांना वाटतं. कारण साधं आहे आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे. 2019 च्या कायद्याने आमच्याकडे कुणालाही कारण न देता टपालाने मत देण्याची सोय झाली. पण ते लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायला मनाई आहे. महासाथीच्या वर्षी 26 लाखांहून जास्त टपाली मतं आली. बाहेरचा लिफाफा उघडायचा, त्यावरची सही आणि तारीख बघायची, आतला गुप्ततेचा लिफाफा वेगळा करायचा, मग मतपत्रिका काढून सपाट करून स्कॅन करायची. आतला लिफाफा नसेल तर मत बाद. ट्रम्प यांनी आपल्या मतदारांना टपाली मतदानाविरुद्ध सांगितलं होतं, त्यामुळे केंद्रावरची मतं आधी मोजली गेली ती त्यांच्याकडे झुकलेली आणि लिफाफे नंतर उघडले ते बायडन यांच्याकडे. असंच होणार हे मतदानाच्या आधीच आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फ्लोरिडात लिफाफे कितीतरी आधी तपासून ठेवायची मुभा आहे, म्हणून त्या राज्याचा निकाल त्याच रात्री येतो. 2000 साली 537 मतांच्या फरकावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झालेल्या फजितीनंतर त्यांनी आपले कायदे सुधारले. आमच्या विधिमंडळाने लिफाफे आधी न उघडण्याची ही एक ओळ बदलली असती तर 2020 च्या अर्ध्या अफवांना जागाच मिळाली नसती. काऊंटीचे अधिकारी, दोन्ही पक्षांचे, ही मागणी वर्षानुवर्षं करत आहेत.

इथपर्यंतचं काम ज्यांच्या हाती असतं ते ते नीट करतात, असं माझं मत आहे. खरी काळजी यापुढच्या टप्प्याची.

मोजणी झाल्यावर काऊंटीचं मंडळ आकडे तपासून निकाल प्रमाणित करतं, मग राज्य करतं. शंभर वर्षांहून अधिक काळ हा कारकुनी सोपस्कार होता. 17 नोव्हेंबर 2020 ला मिशिगनच्या वेन काऊंटीत, म्हणजे डेट्रॉइटमध्ये, चार जणांच्या मंडळात दोन रिपब्लिकन सदस्यांनी आधी नकार दिला. 2-2 अशी कोंडी झाली. काही तास नागरिक एकामागून एक बोलत राहिले आणि अखेर त्याच रात्री प्रमाणीकरण झालं. (आपले श्री ठाणेदार 2022 मध्ये ज्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आले तो याच काऊंटीतला. तिथली मतं बाजूला काढणं म्हणजे प्रामुख्याने कृष्णवर्णीय असलेलं एक अख्खं शहर मोजणीतून पुसणं होतं.) सहा दिवसांनी राज्याच्या मंडळापुढे तोच प्रश्न आला. तिथेही दोघे दोघे होते. ॲरन व्हॅन लँजवेल्ड या रिपब्लिकन सदस्याने प्रमाणीकरणाच्या बाजूने मत दिलं आणि सांगितलं की, जो अधिकार आपल्याला कायद्याने दिलेलाच नाही तो आपण वापरू शकत नाही. पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. त्या एका मताचं महत्त्व मला फार वाटतं. मिशिगनच्या मतदारांनी 2022 मध्ये घटनादुरुस्ती करून प्रमाणीकरण हे ऐच्छिक काम नाही, बंधनकारक कर्तव्य आहे, असं लिहूनच टाकलं.

इतर राज्यांत हे प्रयोग सुरूच राहिले. जून 2022 मध्ये न्यू मेक्सिकोच्या ओटेरो काऊंटीने केवळ मशीनवर विश्वास नाही म्हणून प्राथमिक फेरीचा (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचा) निकाल अडवला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर तो 2-1 ने मंजूर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनाच्या कोचीस काऊंटीने मुदत उलटू दिली. तिची सुमारे 47 हजार मतं राज्याच्या बेरजेतून गळणार होती आणि त्यात नुकसान झालं असतं ते अडवणाऱ्यांच्याच पक्षाचं. न्यायालयाने आदेश काढला. पुढे मंडळाच्या दोन सदस्यांवर फौजदारी खटला भरला गेला. दोन्ही वेळा न्यायालयं काही दिवसांत हलली, म्हणून निभावलं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत अशा दहा काऊंट्या एकाच आठवड्यात अडून बसल्या, तर प्रत्येक न्यायालय मुदतीच्या आत निर्णय देईल का, याची मला काळजी वाटते.

शेवटची पायरी वॉशिंग्टनमधली. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. 538 प्रतिनिधींचं निवडमंडळ असतं आणि 270 चा आकडा गाठावा लागतो. मेन आणि नेब्रास्का सोडता प्रत्येक राज्य आपली सगळी मतं त्या राज्यातल्या विजेत्याला देतं. म्हणूनच 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे 29 लाख मतं जास्त मिळूनही त्या हरल्या. हे मला पटत नाही, पण हा नियम आधीपासून माहीत असलेला आहे. 6 जानेवारी 2021 ला जे झालं ते वेगळं. निवडमंडळाची मतं मोजण्याचा 1887 चा कायदा इतका गुंतागुंतीचा होता की उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स एखाद्या राज्याची मतं बाजूला ठेवू शकतात, असा दावा करणं शक्य झालं. सात राज्यांत हरलेल्या बाजूने आपले पर्यायी प्रतिनिधी उभे केले आणि संसदेवर जमाव चालून गेला. पेन्स यांनी नकार दिला आणि रात्री उशिरा मोजणी पूर्ण केली.

या जागेची डागडुजी मात्र चांगली झाली. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी नवा कायदा झाला. उपराष्ट्राध्यक्षाचं काम फक्त औपचारिक आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं. पूर्वी एका राज्याच्या निकालावर हरकत घ्यायला प्रत्येक सभागृहातला एकच सदस्य पुरायचा, आता एक पंचमांश सदस्य लागतात. राज्याने प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचं याची पक्की तारीख आली आणि वाद झटपट न्यायालयात नेण्याची वाट ठरली. 6 जानेवारी 2025 ला तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवाची मोजणी शांतपणे वाचून दाखवली: ट्रम्प 312, हॅरिस 226. त्यानंतर दोनच आठवड्यांनी ट्रम्प यांनी संसदेवरच्या हल्ल्यातल्या सुमारे 1,500 जणांना माफी दिली. कायद्याने दार बंद केलं, पण ते फोडणाऱ्यांना काही होत नाही हेही देशाने पाहिलं. पुढच्या वेळी कुणी कसं वागेल यावर याचा परिणाम होणारच.

माणसांबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. अटलांटात मतमोजणी करणाऱ्या रूबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस यांच्यावर मतपत्रिकांच्या बॅगा लपवल्याचा खोटा आरोप झाला. धमक्यांमुळे आईला घर सोडावं लागलं. डिसेंबर 2023 मध्ये ज्यूरीने तो आरोप पसरवणारे ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांना बदनामीबद्दल 14.8 कोटी डॉलर भरायला सांगितलं. हा न्याय झाला, पण त्याला तीन वर्षं लागली, आणि त्या काळात देशभरातल्या अनुभवी अधिकाऱ्यांनी कामं सोडली. पंधरा-वीस वर्षं निवडणुका घेतलेला माणूस गेला की छपाईच्या चुका होतात, कागद कमी पडतो, रांगा लांबतात, आणि त्या चुकांनाच मग कटाचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. उलट दिशेचं उदाहरणही आहे. कोलोराडोच्या मेसा काऊंटीच्या क्लार्क, म्हणजे तिथल्या निवडणूक अधिकारी, टीना पीटर्स यांनी कटाच्या संशयापोटी बाहेरच्या माणसाला मशीनपाशी नेलं. 2024 मध्ये त्या दोषी ठरल्या आणि त्यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. मतांच्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचा हा सिद्ध झालेला प्रकार, आणि तो केला आतल्याच माणसाने.

मतदानाआधीची कच्ची जागा मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिथे सगळं कायदेशीर असतं. बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळच आखतं, म्हणजे सत्तेतला पक्ष. विरोधकांची मतं एका मतदारसंघात कोंबायची किंवा चार मतदारसंघांत विखरून टाकायची, की राज्यात मतं समसमान असूनही जागा एकाच बाजूला जातात. भारतात हे काम परिसीमन आयोगाकडे असतं. इथे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या सीमांचा निवाडा संघराज्याची न्यायालयं करणार नाहीत. त्याआधी 2013 मध्ये याच न्यायालयाने 1965 च्या कायद्यातलं ते सूत्र रद्द केलं होतं, ज्यामुळे भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यावी लागे. सीमा एरवी दहा वर्षांनी, जनगणनेनंतर बदलतात. 2025 मध्ये टेक्ससने ट्रम्प यांच्या आग्रहावरून मध्येच त्या बदलल्या, उद्देश रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळवून देण्याचा. कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर 2025 मध्ये सार्वमत घेऊन आपला स्वतंत्र आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅटिक पक्षाला तेवढ्याच जागांचा फायदा होईल असा नकाशा आणला. माझे बरेच मित्र याला जशास तसं म्हणतात. मला ते मान्य नाही. दोन्हीकडे नुकसान झालं ते मतदाराचं, कारण त्याचा मतदारसंघ कोण जिंकणार हे त्याने मत देण्याआधीच ठरून गेलं. अशा ठिकाणी माझ्या टेबलावर कितीही प्रामाणिक मोजणी झाली तरी तिने फार काही बदलत नाही.

तर 2020 पुन्हा घडू शकतं का? पेन्स यांच्यावर आला तसा दबाव उपयोगी पडण्याची शक्यता नव्या कायद्याने बरीच कमी केली आहे. काऊंटी पातळीवर अडवणूक नक्की होईल. ती टिकेल का हे त्या राज्याच्या सचिवावर आणि न्यायालयांवर अवलंबून राहील. म्हणून मी राज्याचा सचिव आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्या निवडणुकांकडे आता राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीइतकंच लक्ष देते. आमच्याकडे सचिव गव्हर्नर नेमतो, न्यायाधीश मतदार निवडतात. वॉशिंग्टनकडून नियम बदलण्याचा प्रयत्नही चालू आहे: मार्च 2025 च्या अध्यक्षीय आदेशात मतदारनोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा मागितला होता. तो अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, राज्यांना आणि काँग्रेसला आहे, असं म्हणत न्यायालयांनी त्या आदेशाचे मुख्य भाग रोखले.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असाल तर वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदारनोंदणीबद्दल विचारलं की ‘नाही’ म्हणा आणि स्क्रीनवर नीट वाचूनच सही करा. नागरिक नसताना राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे आणि त्यापायी देश सोडावा लागू शकतो. आणि नागरिक असाल तर काऊंटीच्या निवडणूक कार्यालयाला केंद्रावर काम करायची इच्छा कळवा. पेनसिल्वेनियात 17 वर्षांची हायस्कूलची मुलंही शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीने हे काम करू शकतात. प्रशिक्षण काऊंटी देते. माणसं कमी आहेत, विशेषतः वसंतातल्या प्राथमिक फेरीला.